मेणाच्या दोऱ्याची बांधणी

धाकटी : परत तेच! कॉम्प्युटरचा पंखा अर्धा फेरा मारतो आणि गप्प बसतो.

बाबा : बटणावरचा हात काढ आधी. दहा वेळा दाबलंस, अकराव्यांदा काय त्याला तुझी दया येणार आहे?

धाकटी : बाबा, चेष्टा नको. उद्या दहाला वाचनालयाची माणसं येणार आहेत. नोकरी सोडल्यानंतरचं हे माझं पहिलं काम, आणि वाचनकक्षाचे सगळे नकाशे ह्या डब्यात अडकलेत.

बाबा : दुसरी प्रत असेल ना कुठेतरी?

धाकटी : आहे.

बाबा : कुठे?

धाकटी : ह्याच डब्यात. त्याच डिस्कवर.

बाबा : वा! म्हणजे दुसरी किल्लीसुद्धा घरात ठेवूनच कुलूप लावलंस.

धाकटी : बोला, अजून बोला.

बाबा : नाही बोलत. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, नुसतं बोलून एक लाईन कधी सुरू झाली नाही. भिंतीतला प्लग काढ. काढलास? आता सकाळपासून काय काय केलंस ते सांग. क्रमानं. तुला सगळ्याचीच घाई.

धाकटी : नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. त्याला जुना पॉवर सप्लाय पुरत नाही, म्हणून मोठा सप्लाय आणला. जुना काढला, नवा बसवला, कार्ड खोचलं, बटण दाबलं. संपली कहाणी.

बाबा : कार्ड काढून पाहिलंस?

धाकटी : पाहिलं. तसंच.

बाबा : मागचं छोटं बटण?

धाकटी : चालू होतं. बाबा, मी काही बावळट नाही.

बाबा : मी कुठे म्हटलं? आमच्याकडे एकदा तीन इंजिनिअर दिवसभर फॉल्ट शोधत होते आणि निघाला मेन स्विच. सरक जरा, बघू दे आत. अरे वा! अजून तशीच आहे की बांधणी!

धाकटी : हो. तशीच आहे.

बाबा : बघ, मी ह्या वायरी बांधून चार वर्षं झाली, एक गाठ सुटलेली नाही. दर दोन बोटांवर एक. मेणाचा दोरा आहे तो. आजकाल प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळतात आणि मोकळे होतात. हा वळसा बघितलास, मदरबोर्डकडे जाताना कसा घेतलाय?

धाकटी : बघितला, बाबा. शंभर वेळा बघितलाय. आता बिघाड बघू या का?

बाबा : बघतोय गं. पंखा अर्धा फेरा मारतो म्हणजे वीज येतेय. मग लगेच थांबतो, म्हणजे सप्लायच घाबरून स्वतःला बंद करून घेतोय. आत काहीतरी भलत्याच ठिकाणी टेकतंय. चांगला आहे सप्लाय, शहाणा आहे. एखादा स्क्रू पडला का आत?

धाकटी : टॉर्च लावून पाहिलं. काही नाही.

आई : अगं ए, हे खोकं रद्दीत टाकू का? सकाळपासून दारात पडलंय, जाता-येता ठेचकाळायला होतं. आणि आत ही काळी पिशवी कसली? चांगली जड लागतेय.

धाकटी : राहू दे ती, आई.

बाबा : कसली पिशवी? आण इकडे. ह्या तर वायरी आहेत. नव्याकोऱ्या, सील पण फोडलेलं नाही. नव्या सप्लायच्या का गं?

धाकटी : हो.

बाबा : मग आत कुठल्या आहेत?

धाकटी : जुन्या. नव्या सप्लायलाही तसलीच सॉकेट होती. खटकन बसल्या. म्हटलं, उगीच कशाला सगळं उचकटायचं?

बाबा : अगं, खटकन बसल्या म्हणून काय झालं? सप्लायकडच्या टोकाला कुठली तार कुठे, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. एकाची बारा व्होल्टची तार जिथे, तिथे दुसऱ्याची अर्थिंगची. तरीच बिचारा घाबरतोय! हे तुला माहीत नव्हतं?

धाकटी : कुठेतरी वाचलं होतं. पण वाटलं, चालून जाईल.

बाबा : चालून जाईल? तू म्हणतेस हे? नोकरीत असताना एक रेघ इंचभर सरकली तर रात्रभर झोपायची नाहीस. डिस्क जळली असती म्हणजे? किंवा जळलीही असेल! असं का केलंस?

आई : ओरडू नका तिच्यावर. कळत नाही का तुम्हाला?

बाबा : काय कळायचंय?

आई : नव्या वायरी घालायच्या म्हणजे तुमचा दोरा कापावा लागला असता.

बाबा : मग कापायचा. दोरा तर आहे. मी परत बांधला असता.

आई : हो का? शर्टाची बटणं सकाळी कोण लावून देतं तुम्हाला?

धाकटी : आई, पुरे.

बाबा : नाही, बोलू दे तिला. खरंच त्यासाठी?

धाकटी : सकाळी कात्री घेऊन बसले होते मी, बाबा. दहा मिनिटं नुसती बसले. अशी बांधणी परत व्हायची नाही असं वाटलं. मला नाही कापवली.

बाबा : वेडी आहेस. पार वेडी आहेस. कात्री कुठाय?

धाकटी : थांबा, मी कापते.

बाबा : नको. माझं मी कापतो. कापायला हात स्थिर लागत नाही.

(बाबा एकेक गाठ कापतात. प्रत्येक गाठ कापण्याआधी तिच्यावरून अंगठा फिरवतात, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं त्यांना वाटतं.)

बाबा : हं. ह्या जुन्या वायरी बाजूला ठेव, परत चुकूनही लावू नकोस. आता नव्या जोड. आधी मदरबोर्डची. मग प्रोसेसरची. डिस्क आत्ता नको. आधी ती नसताना चालतं का बघू.

धाकटी : जोडल्या. लावू प्लग?

बाबा : लाव. आणि एकदाच दाब.

धाकटी : फिरतोय! बाबा, फिरतोय पंखा! थांबत नाहीये!

आई : पीप केलं त्यानं. चांगलं की वाईट?

बाबा : एकदाच केलं म्हणजे चांगलं. नाचू नकोस गं, डिस्क राहिलीय अजून. बंद कर, प्लग काढ, मग जोड. सावकाश.

धाकटी : जोडली. दाबू?

बाबा : दाब.

धाकटी : आई, तू देवाचं नाव घे.

आई : मघापासून तेच करतेय.

धाकटी : येतंय... आलं! दिसतेय डिस्क! 'वाचनालय अंतिम'. 'वाचनालय अंतिम दोन'. 'वाचनालय खरंच अंतिम'. उघडतेय. सगळं आहे, बाबा. खिडक्यासुद्धा जिथल्या तिथे आहेत!

बाबा : सुटलो. आता आधी एक प्रत बाहेर काढ, पेनड्राईव्हवर. आणि तो आईच्या कपाटात ठेव. तिच्या कपाटातलं आजवर काही हरवलेलं नाही.

आई : आणि कुणाला सापडलेलंही नाही.

धाकटी : काढतेय... हं, निघाली प्रत. बाबा...

बाबा : आता काय?

धाकटी : त्या मेणाच्या दोऱ्याचं रीळ आहे ना अजून?

बाबा : आहे, खालच्या खणात. पण माझ्यानं नाही होणार गं आता. उगीच वेडंवाकडं होईल.

धाकटी : तुम्ही नाही, मी बांधणार. तुम्ही नुसतं सांगा.

बाबा : मग बंद कर आधी. प्लग काढ. हं. वायरी अशा एका ओळीत धर, एकमेकींवर चढू देऊ नकोस. दोरा खालून घे. आता वर. टोक त्याच फासातून बाहेर. ओढ. अजून थोडं.

धाकटी : ही तर सैल पडली.

बाबा : पहिली सगळ्यांचीच सैल पडते. माझी तर साहेबांनी बारा वेळा सोडायला लावली होती. दोन बोटं सोड आणि दुसरी घे. ही बघ, ही जमली. आता ताण सुटायच्या आत वरची गाठ मार.

धाकटी : मग इथे बोट ठेवा तुम्ही. दाबून.

बाबा : बोट हलतंय माझं.

धाकटी : हलू द्या. मला काही घाई नाही.