दार लावून घे

नाही हो ताई, दादा नका म्हणू — मिस्त्री म्हणा, काका म्हणा, नुसतं अहो म्हणा, पण दादा नको. चिडलो नाही, उगाच आपलं. ठेवा इथे. नायलॉनच्या तारा लावून हव्यात? वाटलंच. त्याची ती नवी रेकॉर्ड आली आणि सगळं गाव मवाळ झालं! काल-परवापर्यंत त्याच्या कार्यक्रमात खुर्च्या फोडणारी माणसं आता उशीला टेकून डोळे पुसतात. पण ऐका, ही गिटार स्टीलच्या तारांची. हिची मान वर्षानुवर्षं ताण सोसत आलीय, आतली सळई त्या ताणाशी झुंजतेय. ताण एकदम काढला की मान सरळ होत नाही, उलटी वाकते. थांबा, आधी जुन्याच तारा सुरात लावून मान बघतो. हातोडी कुठे गेली कोण जाणे — मानेवरच्या पट्ट्या ठोकायची छोटी, ह्याच खिळ्याला असते, सकाळपासून सापडत नाही. असो, तारांना हातोडी कशाला लागतेय.

हो, धाकटा भाऊच माझा. तोंडावळा लपतो थोडाच? आता पुढचा प्रश्न मीच विचारतो, सगळे विचारतात — तुमचे वडील खरंच असे होते का हो? बारा वर्षं झाली ‘दार लावून घे’ गाण्याला. तीन गिटारी, मागे तो ड्रम बडवणारा राक्षस, आणि मधे हा, गळ्याच्या शिरा फुगवून किंचाळतोय — पट्ट्याचं बक्कल, फुटलेली भुवई, दारात चिरडलेली बोटं. त्या कल्लोळात शब्द कुणाच्या बापाला कळणार? पण पेपरवाल्यांना कळले! उचलली लेखणी आणि छापलं — ‘दार लावून घे, बाबा, शेजारी ऐकतील’. मार खाणारं पोरच म्हणतंय, दार लाव. लोक ढसाढसा रडले. एकानंही फोन करून विचारलं नाही की बाबा रे, तू नक्की काय गायलास? चोर सोडून संन्याशाला — म्हणजे, म्हणायची पद्धत. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली. मेलेला माणूस खुलासा पाठवत नाही. आणि ते तर मुंगीसुद्धा — बाहेर. बाहेरच्यांना असंच वाटायचं.

आईनं वाचलं ना ते पेपरात. तो शाळेत असताना ती दुपारपाळीला जायची, जखमा तिला रात्री दिसायच्या — जिन्यावरून पडला, सायकलवरून पडला. पेपर वाचून ती खाली आली, हातोडी घेतली आणि वर जाऊन बाबांच्या फोटोची काच फोडली. चौकटीचा भुगा केला. तीस वर्षांचा संसार, ताई! मी इथेच उभा होतो, ह्याच टेबलाशी, छत हादरत होतं. वर जाऊन हात धरला नाही तिचा. फोटो तेवढा फाडवला नाही तिला, ट्रंकेच्या तळाशी घातला.

आणि आता हा शहाणा तेच गाणं हळू गातो! एक गिटार, नायलॉनच्या तारा, श्वाससुद्धा ऐकू येतो. त्या ओळीला थांबतो — ‘दार लावून घे’ — थांबतो, मुद्दाम थांबतो, पाळण्यात असल्यापासून ओळखतो मी त्याला — आणि मग म्हणतो. काय म्हणतो? सांगा ना, तुम्ही ऐकलंय, काय ऐकलंत? बाबा, की — मात्रा सारख्याच हो! शब्द बदलला तरी चाल हलत नाही. मीच सांगितलं होतं तेव्हा फोनवर, छापलंय तेच राहू दे, आईला कळलं तर उजव्या हाताचीही बोटं — बोललो असेन रागात, भाऊ बोलतात एकमेकांना. बारा वर्षं बसला की गप्प! मग आत्ताच काय — अरे! तुटली. गालाला लागलं का? बघू. रक्त आहे थोडं, हा रुमाल घ्या, स्वच्छ आहे. जास्त पिळली खुंटी.

तेरा वर्षांचा होता तो. मी एकवीस. मी गिटारीवर एकेक गत दिवसदिवस घासायचो आणि हा शाळेतून यायचा, दप्तर न काढता तेच वाजवून दाखवायचा. हसत. पट्टा बाबांचा होता, एवढं खरं आहे, लिहून घ्या कुठेही. आणि दार — त्यानंच म्हटलं ना, लाव म्हणून? मी लावलं. जोरात लावलं. बोटं त्यानं काढायची होती. पुन्हा उघडून पुन्हा — काय? मनगट? सोडतो, सोडतो. असं बघू नका माझ्याकडे.

आज सकाळी वर रेडिओवर लागलं होतं. आई म्हणाली, “दादा, तो शेवटी काय म्हणाला रे?” म्हटलं, आई, कान गेले तुझे, बाबा म्हणाला. “असं?” म्हणाली. बस. चहा दिला मला. मग मी वखारीत लाकूड बघायला गेलो, तेवढ्यात ती खाली —

गप्प बसा जरा. ऐकलंत? पुन्हा. वर भिंतीवरच ठोकतेय, बाबांचा फोटो होता तिथेच. खिळा ठोकतेय ती.

उचला तुमची गिटार. आहे तशी न्या. जा तुम्ही, ताई — आणि जाताना तेवढं दार लावून घ्या.