ग्वेनच्या तोंडी तीन भाषा

(धुळ्याचं देवपूर, १९५४ चा मे महिना, भर दुपार. जीवराम आबा पाटलांच्या घरातली मधली खोली. दाराबाहेर सासू बेबाबाई आणि मॅट्रिकला बसलेली नणंद कुंदा. आत खाटेवर वेल्सहून आलेली सून ग्वेन.)

बेबाबाई : मी आते मझार नही जास, बाहेरच बसस. तिनी माले मना तोंडवर ‘दूर’ सांगं. घडीघडी एकच. दूर, दूर.

कुंदा : कळा येताहेत तिला, आई. कळांमध्ये माणूस काहीही बोलतं.

बेबाबाई : मनी भागा बी बाळतपनमा असंच बोलनी व्हती. ‘माय, तू बाहेर जाय, तू रडस.’ मी बाहेर उनू. मंग माले मनी पोर जित्ती दिसनी नही.

कुंदा : आज ताईचं नाव नको ना काढू. दादा जळगावला परीक्षेच्या कामात, दाई नेमकी पारोळ्याला लग्नाला गेलेली. आबा डॉक्टरीणबाईंना आणायला टांगा घेऊन गेले, ते अजून नाहीत. तू अशी बाहेर बसलीस तर मी एकटी काय करू?

बेबाबाई : तू इंग्रजी शिकेल शे. तिले इचार ना काय पाहिजे ते.

कुंदा : इंग्रजी बोलतेय कुठे ती! मघापासून तिची ती वेल्सची भाषाच चाललीय. मधेच इंग्रजी, मधेच आपलं. एरवी किती हसायचो आपण! गाजराला ‘मोरॉन’ म्हणायची. दादा नुसता लोळायचा. म्हणायचा, अगं, इंग्रजीत मोरॉन म्हणजे मठ्ठ!

बेबाबाई : मी बी हासू. फुलपाखरूले काय ते, पिली-पाला. आज माले हासू नही येत, कुंदे. भ्याव वाटस.

ग्वेन : दूर... कुंदा! दूर, प्लीज!

बेबाबाई : आयकं? आते तुले बी दूर सांगं.

कुंदा : सांगू दे. मी जाते. वहिनी, हे बघ, ओला रुमाल आणलाय. तोंड पुसू? अगं... अगं, रुमाल काय चोखतेस?

ग्वेन : येस. दूर. मोअर दूर.

कुंदा : आई! पाणी मागतेय गं ती! तिच्या भाषेत दूर म्हणजे पाणी!

बेबाबाई : पानी? घोटभर पानीसाठे पोर वरडी रायनी, नि मी बाहेर बसनू! तो तांब्या आन, उकळीसन गार करेल शे. ले गेन, ले बेटा. धीरे धीरे.

ग्वेन : थँक्यू, आई. सॉरी. मला कलत नाही... कुटला भाषा तोंडात येतो.

बेबाबाई : येऊ दे कोनती बी.

ग्वेन : माय ऑव्न आर्ना ई. माय ऑव्न...

बेबाबाई : कुंदे, माले ‘माय’ सांगं का तिनी?

कुंदा : नाही आई. तिच्याकडे माय म्हणजे ‘आहे’. आपलं ‘शे’. थंडी पडली की म्हणायची ना, ‘माय-न ऑयर’. पण हे ऑव्न? इंग्रजीत ती भट्टी. उकडतंय का वहिनी? वारा घालू?

ग्वेन : नो, नो. भीती. मला भीती आहे.

बेबाबाई : माले बी शे, बेटा. मनी मोठी पोर... नही, ते आज नही सांगस. धर मना हात. जोरमा धर. आते मी कोठेच नही जास.

ग्वेन : आऽऽ! पेन! आई, पेन!

कुंदा : हो गं, दुखतंय ना, कळतंय. इंग्रजीत दुखण्याला पेन म्हणतात, आई.

ग्वेन : नो! नॉट पेइन! पेन! पेन!

कुंदा : नाही म्हणते आणि पुन्हा तेच म्हणते!

बेबाबाई : तिना हात देख. आपलं डोकं ठोकस, मंग खाले दावस. डोकं सांगी रायनी ती! सरक, माले देखू दे... देवा, पोरनं डोकं उनं!

कुंदा : पण आबा तर अजून आलेच नाहीत!

बेबाबाई : पोर आबानी वाट देखस का? खिडकी उघड. उजेड येऊ दे.

कुंदा : उघडली. आई? काय दिसतंय?

बेबाबाई : नाळ शे. पोरना गळामा.

कुंदा : ताईच्या वेळी पण...

बेबाबाई : चूप. ती जोर करी रायनी, तिले थांबाड. जोर कया ते फास बठी. गेन, थांब! थांब बेटा!

ग्वेन : आऽऽ!

कुंदा : वहिनी, स्टॉप! डोन्ट पुश! ऐकतच नाही, आई. काहीच पोचत नाही तिला!

बेबाबाई : मांजर दूधमा तोंड घालस, तवय ती काय वरडस त्याले? ‘नको करू’ कसं सांगस?

कुंदा : पाइड!

बेबाबाई : पाइड, गेन! मनाकडे देख. पाइड!

ग्वेन : पाइड... येस. येस, आई.

बेबाबाई : अश्शी. तोंडमाईन दम ले. फू फू कर, चूल फुकस तशी. मी बोट घालस... ढिली व्हय वं, ढिली व्हय... निंघनी! नाळ डोकावरतीन निंघनी. आते, गेन. आते कर जोर! बठ्ठा जोर!

ग्वेन : आऽऽऽ!

कुंदा : आलं! आई, आलं! पण असं निळं का? रडत का नाही?

बेबाबाई : बोलू नको. फडकं ले, पाठ चोळ. जोरमा. मी तोंड साफ करस. रड. रड ना वं. येक डाव रड.

ग्वेन : आई? का नाही... आई, व्हाय?

कुंदा : थांब वहिनी, थांब जरा. चोळतेय मी, चोळतेय... आई! ऐकलंस?

बेबाबाई : आयकं.

ग्वेन : रडतो! तो रडतो!

बेबाबाई : तो नही, ती. पोर शे. ले, छातीवर ले, तुना आंगनी ऊब दे तिले.

कुंदा : दारात टांगा थांबला बघ. डॉक्टरीणबाई आल्या वाटतं.

बेबाबाई : येऊ दे त्यास्ले. नाळ त्या कापतीन. बाकी बठ्ठं व्हई गयं.

कुंदा : आई, दमलीस तू, जरा बाहेर जाऊन बस.

बेबाबाई : बाहेर? आते मी कोठेच नही जास.