सातव्याचा आकडा

नाही, उभाच बराय मी. चौकशीला इतक्या लांबून आलात, तुम्ही बसा. सही कुठं करायची तेवढं दाखवा. चूक माझीच, असं लिहिलंय ना? झालं तर मग — चहा-पाणी बघणारा माणूस कॉम्प्युटरसमोर बसवल्यावर दुसरं काय होणार? पण साहेब, हे ‘वाचता येत नाही’ कोणी घातलं? ते काढा. चौथी झालीय माझी, आकडे कळतात मला. दर सोमवारी अकराच्या अकरा डेटाबेस बघायचो — ते आपल्या हापिसात नसतात, दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर, सांभाळतात तेच — आपण फक्त कुठला कितव्या व्हर्जनवर चाललाय ते तक्त्यात उतरवायचं. बाहेरच्या यादीत सगळ्यांपुढं नुसतं चौदा. पॉइंटच्या पुढचा आकडा एकेकाच्या आत शिरल्याशिवाय दिसत नाही. आणि मी शिरायचो. तुमच्या शिकलेल्यांतलं कोण शिरत होतं?

बाकी दहा चौदा पॉइंट नऊवर, आणि सातवा — दवाखान्याचे रिपोर्ट असलेला — एकटाच चौदा पॉइंट दोनवर. दिसलं की मला. डोळे फुटलेत का माझे? तसाच उठून, हे सगळं ज्याच्या हाताखाली चालतं त्याला सांगायला गेलो, तर म्हणतो कसा, ‘मामा, ते आपोआप पुढं जातं, नऊच लिहा, तक्ता एकसारखा दिसू दे.’ आपोआप कशाचं जातंय — ते आपोआपचं बटण यानंच बंद केलेलं, कसलीशी चाचणी करायला, आणि विसरला. चार महिने. मी दर सोमवारी दोन बघायचो आणि नऊ लिहायचो. परत एकदा बोललो तर सगळ्यांदेखत म्हणतो, ‘तुम्ही पाण्याच्या बाटल्या भरा.’ मला. ज्यानं पोटची पोरगी दिली त्याला. आणि परवा त्या जुन्या व्हर्जनच्या खोटीपायी दोन दिवसांचे रिपोर्ट गेले, तेव्हा बरी आठवण झाली मामांची —

काय लिहिताय?

नाही, खोडा ते. मी कोणाचं नाव घेतलं का? नाही ना? पोरगी काल म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला कुठंही काम मिळेल, ह्यांना नाही मिळायचं.’ खाली बघून म्हणाली. खोडा, साहेब.

आणा तो कागद. ते ‘वाचता येत नाही’ — असू दे तसंच. सही नको, अंगठाच घ्या.

झालं? निघा मग. बाटल्या भरायच्यात मला.