निळ्या दोरीचा पत्ता

जबाब देणार: शिंपीणआजी. सगळा बाजार याच नावाने ओळखतो. वय दाखल्याप्रमाणे एकाहत्तर, गुडघ्यांप्रमाणे जास्त. धंदा बायकांचे कपडे शिवणे. राहणार बाजारामागच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावर, पहिला मजला. शिक्षण नाही.

मी समक्ष ठाण्यात येऊन, कोणी पाठवले म्हणून नव्हे तर स्वतःच्या पायांनी येऊन, सांगते की,

वरील पत्त्यावर पुढच्या खोलीत माझे व सुनेचे शिलाईचे दुकान आहे. मापे मी घेते, कापतेही मीच. मशीन आणि कॉम्प्युटर सून चालवते. मला अक्षर येत नाही, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची एक दोरी असते. तिला खांदा, छाती, कंबर, उंची या क्रमाने गाठी असतात. दोऱ्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या आहेत. हवालदारांनी विचारले, कोणती दोरी कोणाची हे कसे कळते. मी म्हटले, तुम्हाला तुमची मुले कशी कळतात? हे लिहू नका म्हटले होते, त्यांनी लिहिले.

पूर्वी शिवून झालेले कपडे मी घरोघर पोचवत असे, त्यामुळे सगळ्यांचे पत्ते मला तोंडपाठ आहेत. तीन वर्षांपासून पार्सलवाला नेतो. सुनेच्या कॉम्प्युटरात गिऱ्हाइकाचे नाव आणि फोन एवढेच असते. पत्ता मी सांगते, ती पार्सलावर चिकटवते.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास दुकानाला एक मेल आला. सुनेने तो मला वाचून दाखवला. वर पार्सल कंपनीचे नाव आणि चित्र होते. मजकूर असा, की कंपनी नवी यादी करत आहे, तरी सर्व गिऱ्हाइकांची नावे, फोन, पत्ते आणि घर सापडण्याच्या खुणा सोबतच्या फॉर्मात भराव्यात. दुपारी चारच्या आत न भरल्यास पार्सले उचलणे बंद होईल. सुरुवात गेल्या दोन वर्षांत आलेल्या गिऱ्हाइकांपासून करावी. हे शेवटचे तेव्हा आम्हाला खटकले नाही.

सून म्हणाली, “आई, चारच्या आत म्हणतायत. सांगता का पत्ते?” मी भिंतीवरून एकेक दोरी काढून सांगू लागले. ती म्हणाली, “तुमच्या डोक्यापुढे हा कॉम्प्युटर म्हणजे डबा आहे नुसता.” मी फुगले. एकेक नाव भरून झाले की ती बटण दाबे आणि ते पुढे जाई. अशी चौदा नावे गेली.

चौथी दोरी निळी होती. ती दवाखान्यात काम करणाऱ्या एका नर्सची आहे. दीड वर्षापूर्वी नवऱ्याचे घर सोडून ती या भागात आली. पहिल्या मापाच्या वेळी, मी टेप लावत असताना ती म्हणाली होती, “आजी, माझा पत्ता कोणाला देऊ नका हं.” मी म्हटले होते, “माझ्या तोंडाला बटणे नाहीत, हुक आहेत. सहज निघत नाहीत.” मंगळवारी मी तिचा पत्ता सांगितला. तिसरा मजला, डावीकडचे दार, घंटी बिघडलेली आहे, दारावर दोनदा ठोकावे. खूण मी न विचारता सांगितली.

चौदा नावांनंतर फॉर्मात नवा प्रश्न आला. सून म्हणाली, “आई, आता आपल्या मेलचा पासवर्ड मागतायत.”

“तो काय असतो?”

“किल्ली समजा.”

“कपडे पोचवणाऱ्याला घराची किल्ली कशाला लागते गं?”

सुनेचे बोट जागीच थांबले. मग आम्ही पहिल्यांदा नीट पाहिले. रोजचा पार्सलवाला मला ‘आजी’ म्हणतो आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही. हा मेल ‘प्रिय ग्राहक’ म्हणत होता. सुनेने पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवले, तर त्याखाली भलताच पत्ता निघाला, कंपनीचा त्यात मागमूस नव्हता. चाळीस वर्षे मी सांगत आले आहे, की घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाचा कपडा घ्यायचा नाही. सून म्हणाली, मेलमध्ये चौकशीला नंबर आहे, त्यावर विचारू. मी म्हटले, चोराला विचारणार का की तू चोर आहेस का? आमच्या फोनात पार्सलवाल्याचा जो जुना नंबर आहे त्यावर तिने फोन केला. त्याने कंपनीत विचारून दहा मिनिटांत कळवले, की असा मेल कोणीही पाठवलेला नाही. तेव्हा साडेबारा वाजले होते.

सून मेल पुसून टाकायला निघाली होती. मी म्हटले, उसवलेली शिवण दाखवायची असते, लपवायची नसते. मेल ठेवला आहे. तिने पासवर्ड बदलला आणि वर दुसरे कुलूपही लावले. म्हणजे आता किल्ली चोरली तरी तिच्या फोनवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय दार उघडत नाही. तो आकडा कोणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही, असे मीच तिला बजावले आहे.

मी लगेच बसने नर्सच्या घरी गेले. तीन मजले चढले. दारावर दोनदा ठोकले. ती म्हणाली, “आजी, गुडघे दुखतात ना तुमचे? फोन करायचा.”

मी म्हटले, “फोनवर सांगायची गोष्ट नव्हती.” आणि सांगितले.

तिने गॅस बंद केला. दारामागे एक बॅग होती, ती भरलेलीच होती. जाताना म्हणाली, की दोन महिन्यांपूर्वी इंटरनेटवर दुकानाच्या पानावर तिचा नव्या ड्रेसमधला फोटो टाकला होता, तो नवऱ्याने पाहिला असेल. फोटो पाठमोरा होता. शिवण छान बसली म्हणून तो टाकायला मीच सांगितले होते. तो आता काढला आहे. अडीच वाजता मी तिला दुसऱ्या जागी पोचवले.

सायंकाळी साडेसहाला तिचा कामावरचा गणवेश आणायला मी पुन्हा त्या इमारतीत गेले. फाटकाशी एक माणूस रखवालदाराशी बोलत होता. मी तिथल्या बाकावर बसले. म्हातारी बाई बाकावर बसली की ती बाकाचाच भाग होते. तो म्हणाला, “तिसऱ्या मजल्यावर, डावीकडचं दार. बेल बंद आहे ना तिची? ठोकतो मी.” रखवालदार म्हणाला, “घरात कोणी नाही.” तरी तो वर जाऊन आला. ठोकल्याचा आवाज खालपर्यंत आला. दोनदाच नव्हता.

घंटीची गोष्ट मी त्या फॉर्मातच सांगितली होती. घंटी रविवारी बिघडली, हे नर्सने सोमवारी कपडे न्यायला आली तेव्हा मला सांगितले होते. रखवालदाराला ते ठाऊक नव्हते, मी त्याला विचारले आहे.

त्या माणसाला मी आधी कधी पाहिलेले नाही, म्हणून तो नवराच, असे मी म्हणत नाही. मी पाहिले तेवढे सांगते. उंच. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. हात अंगाच्या मानाने लांब, तयार घेतलेल्या कोटाची बाही मनगटाच्या दोन बोटे वर. तो जिना उतरून फाटकाबाहेर जाईपर्यंत मी नजरेनेच त्याचे माप घेऊन पिशवीतल्या दोरीला गाठी मारल्या. ती दोरी या जबाबासोबत देत आहे. हवालदार हसले. साहेब हसले नाहीत, त्यांनी दोरी पाकिटात घालून वर सही केली. माणूस सापडला की त्याला उभा करा, मी गाठी जुळवून दाखवते.

बाकीच्या तेरा बायकांकडे मी बुधवारी आणि गुरुवारी स्वतः गेले. प्रत्येकीला सांगितले, की तुमचा पत्ता मी दिला, कोणी आपण कंपनीतले म्हणून आले तर दार उघडू नका, फोन आला तर काही सांगू नका. बहुतेकींनी मला पाणी दिले. एकीने आपली दोरी परत मागितली. ती दिली आहे.

सून बाहेर बाकावर बसली आहे आणि चूक आपली होती असे सांगणार आहे. ते लिहू नये. तिची बोटे चालली, पत्ते माझ्या तोंडून गेले. वाचता येत नाही म्हणून मला फसवले, असेही लिहू नये. वाचता येणारी शेजारीच बसली होती. कौतुकाने आणि घाईने फसले, असे लिहा.

माझी तक्रार तो खोटा मेल पाठवणाऱ्याविरुद्ध आहे आणि ती मी मागे घेणार नाही. साक्षीला बोलवाल तेव्हा येईन. जिना असला तरी येईन.

साहेबांनी विचारले, नर्स आता कुठे राहते. मी म्हटले, मला माहीत आहे. ते म्हणाले, तो पत्ता नसेल तर कागद अपुरा राहील. मी म्हटले, राहू द्या. ते म्हणाले, “आजी, आम्ही पोलीस आहोत.” मी म्हटले, “मंगळवारी तेही पार्सलवालेच होते.” त्यावर साहेबांनी ती ओळ कोरी सोडायला सांगितली. मी पुढे सांगितले, की तिला विचारून येते. ती म्हणाली तर ती स्वतः येऊन सांगेल, तिला हव्या त्या माणसाला, हवे तेवढे.

येथवरचा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी थांबवले, तिथे त्यांनी सुधारले. मी बोलले तसाच उतरला आहे. नर्सच्या पत्त्याची ओळ कोरी आहे, ती कोरीच आहे हे सुनेला आत बोलावून पाहून घेतले, आणि मग डाव्या हाताचा अंगठा दिला.