आप्पा आणि सफारीतला लांडगा

तुम्हाला सांगते, आम्ही सगळे गाडीतून सफारीला गेलो, तर आमच्या सासऱ्यांना, आप्पांना, वाघसिंहाचं काहीच वाटलं नाही. लांडगा दिसला तेव्हा मात्र म्हणाले, "गाडी थांबव." उभं आयुष्य त्यांनी दौंडच्या माळावर मेंढरं राखलेली. बंद काचेतून बघतच राहिले.

बाहेर पडताना त्यांनी गेटवरच्या गार्डला विचारलं, "लांडग्याला खायला काय देता?"

"मटण देतो, मामा."

"मग त्याला पळावं लागत न्हाई?"

"कशाला पळंल?"

परतीच्या वाटेवर शिरूर आल्यावर आप्पा मला हळूच म्हणाले, "सूनबाई, असल्यांनी माझी किती मेंढरं नेली. आन् आज मला त्याचंच वाईट वाटतंय. असं का गं?"

मी म्हटलं, "आप्पा, चहा घ्यायचा का?"