जेवलेल्या पेशींची बोंब

टकळी: ...मी तर म्हणते ताई, त्या जनुकालाच विचारू, बाबा रे, पोट भरलंय ना तुझं, मग बोंबलतंयस कशाला, असं कुणी–

ताई: टकळे, श्वास घे. आणि ती डिश आधी खाली ठेव.

टकळी: ठेवली. पण मॅडम चहा पिऊन आल्या की विचारणारच ना, ग्लुटामाइन दिलं तरी तेच, नाही दिलं तरी तेच, मग तीन वर्षं केलंस काय? आणि तुला पाठवतील दुसऱ्या गटात. मग मी बोलू कुणाशी? सेंट्रिफ्यूजशी?

ताई: त्याच्याशी बोलतेसच तू. आता गप्प. मला मुळापासून बघू दे. माणसाच्या पेशी. एका डिशला ग्लुटामाइन हे पोषक द्रव्य घातलेलं मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ खाणं, दुसरीला बिनग्लुटामाइनचं. उपाशी पेशींत हे जनुक जागं होतं, आरडाओरडा करतं. खायला मिळालं की गप्प बसतं. बरोबर?

टकळी: एकदम बरोबर. पण आपल्याकडे दोन्ही डिशमध्ये बोंबाबोंब. आमच्या काकांसारखं. ढेकर देतात आणि म्हणतात, काही मिळालंच नाही.

ताई: पेशी काकांसारख्या खोटं बोलत नाहीत. फ्रीजमधली मीडियमची बाटली आण.

टकळी: फ्रीजमध्ये कुठे? ती वॉटर बाथच्या कोमट पाण्यात असते.

ताई: असते म्हणजे?

टकळी: म्हणजे तिथेच राहते. महिना झाला. अगं, गारढोण बाटली काढायची आणि एकदम पेशींवर ओतायची? अंगाच्या उबेतल्या गं त्या. मला बघवेना. म्हटलं, कोमट करूनच ठेवावी, हवं तेव्हा वाढता येईल. ...ताई, अशी का बघतेयस?

ताई: ग्लुटामाइन उबेत टिकत नाही. आपोआप मोडतं.

टकळी: म्हणजे?

ताई: म्हणजे तू त्यांना रिकामं ताट वाढतेयस. कोमट.

टकळी: आणि वर मी रोज म्हणायचे, पोटभर जेवा हं.

ताई: आडातच नाही, तर पोहऱ्यात येणार कुठून.

टकळी: आल्या मॅडम. तू बोलू नकोस, मी सांगते. मॅडम, ते मीडियम ना, मीच, म्हणजे वाईट हेतू नव्हता, पण ऊब, आणि ताईचा काही–

मॅडम: बस. एक वाक्य.

टकळी: जेवलेल्या पेशी जेवल्याच नव्हत्या.

मॅडम: म्हणजे जनुक ओरडत होतं ते खरंच?

ताई: हो मॅडम. खोट्या आपण पडलो.

मॅडम: तोंडी नको, दाखव. दोन्ही डिश उपाशीच आहेत ना? एकीला ताजं ग्लुटामाइन दे, एकीला नको. जेवलेल्या डिशमधलं जनुक गप्प झालं, तर काम तुझं. नाही झालं, तर सोमवारपासून दुसरा गट. आणि टकळे, बाटली कामापुरती बाहेर काढायची आणि परत फ्रीजमध्ये.

टकळी: पण मॅडम, थोडीशी तरी ऊब–

मॅडम: परत फ्रीजमध्ये.

(दोन दिवसांनी. जनुक किती जागं आहे ते मोजणाऱ्या मशीनच्या पडद्यासमोर तिघी.)

ताई: ही उपाशी डिश. बघा, रेघ कशी सरसर वर गेली. ओरडतेय.

मॅडम: ताजं दिलेली?

ताई: येईल आता. ...थांबा. अजून सपाट.

मॅडम: मशीन अडकलं नाही ना? किंवा त्या डिशमधून तू काही घेतलंच नसशील.

ताई: घेतलंय. त्याच डिशमधलं दुसरं जनुक बघा, जे उपाशी असो नसो, नेहमी चालू असतं. ते आलंय वर. हेच तेवढं हलत नाहीये.

मॅडम: हं. अजून दोनदा करून दाखव. तोवर दुसऱ्या गटाला मी कळवते, ही येत नाही म्हणून.

ताई: मॅडम, म्हणजे मी इथेच?

मॅडम: इथेच. चहा सांगा कुणीतरी.

ताई: टकळे, ऐकलंस का? अगं, तुला झालंय काय, सकाळपासून तोंडातून शब्द नाही. बोल की काहीतरी.

टकळी: हळू बोल ना, ताई. आत्ता कुठे जेवून निजलंय.