गळाचं नेढं

फोरमन: तिथं उभा राहू नकोस, तुझी सावली पाण्यावर पडतेय. इकडे झुडपाच्या आडोशाला ये.

बाइंडर: मला वाटलं, तळ्याच्या मध्यावर जावं लागतं. होडीबिडी घेऊन.

फोरमन: सकाळी मासा खायला काठालाच येतो. होडीवाले त्याला मागे टाकून पुढं जातात. आपण आपलं गप्प बसायचं. ही काठी तुझी. आता हा नायलॉनचा दोरा गळाच्या भोकातून ओव.

बाइंडर: भोक काय म्हणतोस? नेढं म्हण. सुईला असतं तसंच तर आहे.

फोरमन: बरं बाबा, नेढं. सव्वीस वर्षं पुस्तकं शिवलेल्या माणसाला मी काय शिकवणार... बाजूनं गेला दोरा.

बाइंडर: माहीत आहे.

फोरमन: उजवा मिटून बघ. नाहीतर आण, मी ओवतो.

बाइंडर: राहू दे. प्रेसमध्ये कोण ओवून देत होतं?

फोरमन: जमेल रे. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा हे बरं. वहिनींना मीच म्हटलं, त्याला तळ्यावर पाठवा, मासे धरायला शिकवतो.

बाइंडर: ती म्हणाली, एवढ्या वर्षांची नोकरी गेली, पण विचारपूस करायला एकटे भावजी आले. हं, गेला दोरा.

फोरमन: आता पाच वेढे दे, टोक पहिल्या फासातून काढ, ओलं कर आणि आवळ. शाबास. वर शिशाचा मणी, त्याच्या वर बूच. बूच बुडालं की झटका द्यायचा, आधी नाही. गांडूळ मी लावू?

बाइंडर: लावलं. टाकू?

फोरमन: टाक. खांद्यानं नाही, मनगटानं. हां. आता बस.

बाइंडर: मला काढल्याचं पत्र तू वाचलंस?

फोरमन: मी कशाला वाचू? ते वरून आलं.

बाइंडर: 'उजव्या डोळ्यातील मोतीबिंदूमुळे बारीक शिलाई होत नाही.' असं लिहिलंय.

फोरमन: त्यांना काहीतरी कारण दाखवावं लागतं.

बाइंडर: काहीतरी नाही. उजवा डोळा. डॉक्टरला माहीत होतं आणि मला. घरी मी अजून बोललेलो नाही, ती घाबरते. आणि जिन्यात चहा पिताना एकाला सांगितलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत जरा सांभाळून घे म्हणून.



फोरमन: बूच हललं बहुतेक.

बाइंडर: वारा आहे.

फोरमन: त्यांनी एक नाव मागितलं रे माझ्याकडे. शिलाईतला एक, नाहीतर कटिंगमधला एक. कटिंगमध्ये आमचे दाजी आहेत. ताई माझ्या दारात येऊन बसली. तिच्या तोंडाकडे बघवेना.

बाइंडर: मग माझं नाव द्यायचंस. चार शिव्या घातल्या असत्या आणि समजून घेतलं असतं. डोळा कशाला दिलास?

फोरमन: नुसतं नाव घेईनात. तुझं काम चांगलं होतं. कारण काय, कारण काय, करत बसले.

बाइंडर: चांगलं होतं म्हणून.

फोरमन: आज सांगणारच होतो तुला.

बाइंडर: पंधरा दिवस रोज येतोस. माझ्या बायकोच्या हातचा चहा पितोस. आणि मलाच विचारतोस, हे कुणी केलं असेल रे?

फोरमन: लाज वाटत होती. आलो नसतो तर जास्त वाटली असती.

बाइंडर: काल दुसऱ्या प्रेसमध्ये गेलो होतो. त्यांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे नाही बघितलं, डोळ्याकडे बघितलं. कात्री, दाभण, काही हातात दिलं नाही. बसा म्हणाले, कळवतो म्हणाले.

फोरमन: मी बोलतो त्यांच्याशी.

बाइंडर: तू माझ्याविषयी कुणाशी बोलू नकोस.

फोरमन: बूच गेलं. खेच.

बाइंडर: दिसलं मला.

फोरमन: दोरा सैल सोडू नकोस. सावकाश काठाला आण. चांगला वीतभर आहे की. हात ओला करून धर, नाहीतर निसटेल.

बाइंडर: धरलाय. गळ आत रुतलाय.

फोरमन: दे इकडे, मी काढतो.

बाइंडर: हात लावू नकोस. कसा काढायचा, तेवढं तोंडानं सांग. मग जा.